कागद की करार?

सुट्टीचे दिवस जवळ आले की मडगावच्या रेल्वे स्थानकावर, दाबोळी आणि मोपाच्या विमानतळांवर आणि पणजीच्या कदंब स्थानकावर माणसांची एकच झुंबड उडते. प्रवास ही आता मूठभर धनिकांची हौस राहिलेली नाही. निवृत्त शिक्षक काशी-रामेश्वर करून येतो, नवपरिणीत जोडपे थायलंडला जाते, आणि इंग्लंडातील स्विंडनला किंवा पोर्तुगालातील लिस्बनला स्थायिक झालेल्या मुलाकडे नातवंडांचे तोंड पाहण्यासाठी साठी ओलांडलेले आई-वडील आयुष्यात प्रथमच विमानात बसतात. या सर्वांच्या सामानात हल्ली विम्याचा एक कागद आपसूक येऊन पडतो. तिकीट काढताना एका चौकोनात खूण केली जाते, भाड्याबरोबर थोडे पैसे वळते होतात आणि तो कागद संकट ओढवेपर्यंत कोणी उघडूनही पाहत नाही. संकट ओढवल्यावर मात्र त्यातील प्रत्येक शब्द दोनदोनदा वाचला जातो. तेव्हा वाचून उपयोग नसतो. आपण काय विकत घेतले हे जाणून न घेता पैसे मोजण्याची ही सवय कशी महागात पडते, याचा विचार प्रवासाला निघण्यापूर्वीच व्हावा, असे आम्हाला वाटते.

जोखीम वाटून घेण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. आगगाडी येण्याच्या कितीतरी आधी पश्चिम किनाऱ्यावरचे व्यापारी जोखमी हुंडी लिहीत असत. माल सुखरूप पोहोचला तरच हुंडीचे पैसे मिळावयाचे. गलबत बुडाले तर हुंडी घेणाऱ्या सावकाराचे पैसे बुडावयाचे. ही जोखीम पत्करण्याचा मोबदला तो हुंडीच्या दरातच धरून घेई. त्या व्यवहारात कोणाच्या माथी काय आहे, हे दोन्ही पक्षांना पुरते ठाऊक असे. आजच्या प्रवासविम्यात ते एकाच पक्षाला ठाऊक असते. कंपनीने प्रत्येक शब्द तोलून लिहिलेला असतो आणि प्रवाशाने त्यातला एकही वाचलेला नसतो. मग त्या कागदाला करार तरी कोणत्या तोंडाने म्हणावयाचे?

प्रथम सर्वांत स्वस्त विमा घेऊ. रेल्वेचे तिकीट संगणकावरून किंवा भ्रमणध्वनीवरून काढणाऱ्या प्रवाशासाठी सप्टेंबर २०१६ मध्ये ऐच्छिक विमा सुरू झाला. तेव्हा त्याचा हप्ता ९२ पैसे होता. एप्रिल २०२४ पासून तो ४५ पैसे झाला. चहाच्या घोटालाही न पुरणाऱ्या या रकमेत अपघाती मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास साडेसात लाख आणि जखमी होऊन रुग्णालयात राहावे लागल्यास २ लाखांपर्यंत खर्च मिळण्याची तरतूद आहे. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेच्या गाडीला झालेला अपघात ज्यांना आठवतो, त्यांना ४५ पैशांचे मोल समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु या स्वस्त विम्यालाही कुंपण आहे. खिडकीवर रांगेत उभे राहून काढलेल्या तिकिटाला तो लागू नाही आणि सर्वसाधारण डब्यातील प्रवाशालाही तो मिळत नाही. २ जून २०२३ रोजी ओडिशात बहानगा बाजार येथे तीन गाड्यांचा भीषण अपघात होऊन २९० हून अधिक माणसे प्राणास मुकली. पोटासाठी परप्रांती निघालेले कितीतरी मजूर त्या गाड्यांच्या अनारक्षित डब्यांत होते. ज्यांना विम्याची गरज सर्वाधिक, त्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही, ही या योजनेतील विसंगती आहे आणि रेल्वे मंत्रालयाने ती दूर केली पाहिजे. दुसरी गोष्ट प्रवाशाच्या हातातली. तिकीट निघाल्यावर विमा कंपनीकडून संदेश येतो आणि वारसाचे नाव भरण्यास सांगितले जाते. बहुसंख्य प्रवासी तो संदेश जाहिरात समजून पुसून टाकतात. वारसाचे नाव नसले म्हणजे पैसे अजिबात मिळत नाहीत असे नाही. पण वारस ठरविण्यासाठी दुःखी कुटुंबाला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. घरातून निघण्यापूर्वी दोन मिनिटे खर्चून ते नाव भरावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. विमा नसला म्हणजे प्रवासी निराधार झाला, असे कायदा मानीत नाही. रेल्वे अधिनियम १९८९ अन्वये रीतसर तिकीट घेतलेल्या प्रत्येक प्रवाशाच्या अपघाती मृत्यूबद्दल रेल्वेला भरपाई द्यावी लागते. १ जानेवारी २०१७ पासून ही रक्कम ८ लाख रुपये आहे आणि ती रेल्वे दावे न्यायाधिकरणाकडे मागता येते. सर्वसाधारण डब्यातील प्रवाशालाही हा हक्क आहे. बसच्या प्रवाशाला मोटार अपघात दावे न्यायाधिकरणाचा दरवाजा मोकळा आहे आणि आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात १९९९ च्या माँट्रियल कराराने विमान कंपनीचे उत्तरदायित्व निश्चित केले आहे. आपण काढलेला अपघात विमा या हक्कांखेरीज आहे. त्याची रक्कम मिळाली म्हणून हे हक्क संपत नाहीत. विमा काढला म्हणून हक्क सोडू नये आणि हक्क आहे म्हणून विमा टाळू नये.

गेल्या काही वर्षांतील घटनांनी प्रवासविम्याची दुसरी बाजू उघडी पाडली. मार्च २०२० मध्ये महामारीने जग बंद पडले आणि सहलींचे पैसे गुंतवून बसलेल्या असंख्य लोकांना प्रथमच समजले की, अनेक पॉलिसींत साथीचे रोग वगळलेले असतात. ज्यांनी साथ जाहीर झाल्यावर घाईने विमा काढला, त्यांना उत्तर मिळाले की, हे संकट ठाऊक असतानाच तुम्ही विमा घेतला. घराला आग लागल्यावर आगीचा विमा मिळत नाही, तसाच हा न्याय आहे. कठोर वाटला तरी तो अन्याय्य म्हणता येणार नाही. मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या दिवसांत उत्तर आणि पश्चिम भारतातील ३२ विमानतळ नागरी वाहतुकीस बंद झाले. पुढल्याच महिन्यात, २३ जून रोजी, कतारने आपले आकाश काही तास बंद केले आणि आखातमार्गे जाणाऱ्यांचे बेत विसकटले. युद्ध आणि युद्धसदृश परिस्थितीमुळे होणारे नुकसान बहुतेक पॉलिसी वगळतात. विमान रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे परत करणे ही विमान कंपनीची जबाबदारी. पण आगाऊ भरलेले हॉटेलचे भाडे आणि पुढील प्रवासाची तिकिटे यांचा भार प्रवाशाच्याच खिशावर पडू शकतो.

कंपनीच बुडाली तर काय, हा प्रश्नही गोव्याला नवा नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी ब्रिटनमधील थॉमस कुक कंपनी कोसळली (भारतातील त्याच नावाची कंपनी वेगळी आहे) आणि आपल्या पर्यटन हंगामाचा एक आधार निखळला. त्या वेळी जगभर अडकलेल्या सुमारे दीड लाख प्रवाशांना ब्रिटिश हवाई वाहतूक प्राधिकरणाने मायदेशी नेले. कारण सहल विकणाऱ्या कंपन्यांकडून पैसे घेऊन उभारलेला संरक्षक निधी तेथे पूर्वीपासून आहे. आपल्याकडे काय घडले? ३ मे २०२३ पासून गो फर्स्टची विमाने जमिनीवर उभी राहिली. तिच्या तिकिटांचे पैसे भरून बसलेले प्रवासी धनकोंच्या लांबलचक रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले आणि जानेवारी २०२५ मध्ये कंपनी अवसायनात गेली. विमान कंपनीची दिवाळखोरी अनेक प्रवासविम्यांत वगळलेली असते आणि इंग्लंडसारखा निधी आपण उभारलेला नाही. म्हणजे प्रवासी दोन्हीकडून उघडा. एवढी ठेच लागल्यावर तरी केंद्र सरकारने या दिशेने पाऊल टाकावयास हवे होते.

मात्र तिकिटाचे आणि सामानाचे नुकसान हे शेवटी सोसता येण्याजोगे नुकसान असते. बॅग हरवली तर माणूस हळहळतो आणि महिन्याभराने विसरतो. परदेशात आलेले मोठे आजारपण मात्र साऱ्या कुटुंबाची घडी विसकटून टाकते. प्रवासविमा निवडताना नेमके येथेच लोक चुकतात. बॅगेचे किती मिळतील, विमानाला उशीर झाल्यास किती मिळतील, हे ते चौकशी करून विचारतात. रुग्णालयाचा खर्च किती आणि कोणत्या अटींवर मिळेल, हे विचारीतच नाहीत.

गोमंतकीयांच्या घरोघरचे उदाहरण घेऊ. पोर्तुगाल शेंगेन देशांपैकी एक असल्याने तेथे अल्पकाळासाठी जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाला व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा दाखवावा लागतो. त्यात तातडीचे उपचार आणि आजारी व्यक्तीला किंवा दुर्दैवाने तिच्या पार्थिवाला मायदेशी आणण्याचा खर्च धरलेला असावा लागतो. ही व्हिसाची किमान अट आहे. पण प्रवासी ती आपल्या गरजेची मर्यादा समजतात आणि वकिलातीला चालेल असा सर्वांत स्वस्त कागद घेतात. वकिलातीला जे पुरते ते रुग्णालयाला पुरेलच, असे मुळीच नाही.

ब्रिटनच्या बाबतीत उलट प्रकार होतो. तेथील पाहुण्यांच्या व्हिसाला विम्याची सक्ती नाही, म्हणून अनेकजण तो घेतच नाहीत. तेथे सरकारी दवाखाने फुकट असतात, अशी ऐकीव माहिती त्यांच्या पाठीशी असते. ही माहिती अर्धवट आहे. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात तपासणी विनामूल्य होते. पण रुग्णाला दाखल करून घेतले की इंग्लंडमध्ये तात्पुरत्या पाहुण्याकडून सरकारी दराच्या दीडपट आकारणी होते. ५०० पौंड किंवा त्याहून अधिक बिल दोन महिने थकले तर पुढच्या वेळी व्हिसा नाकारला जाऊ शकतो. नातवाच्या वाढदिवसाला गेलेल्या आजोबांना छातीत कळ आली, तर मुलाने कष्टाने साठविलेली पुंजी कोठे जाईल, हे सांगावयास नको.

आखातात मजुरीस जाणाऱ्यांसाठी केंद्र सरकारची प्रवासी भारतीय विमा योजना २००३ पासून आहे. दोन वर्षांसाठी २७५ आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये एवढ्या मूळ हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाखांचे संरक्षण मिळते. पण ज्यांच्या पासपोर्टवर स्थलांतर परवान्याची अट आहे त्यांनाच ती सक्तीची आहे. दहावी उत्तीर्ण झालेल्यांना ही अट लागत नाही, म्हणून ते या सक्तीतून सुटतात आणि बहुधा विम्यावाचूनच जातात. शिक्षणाने सवलत मिळाली, पण संरक्षण गेले, असा हा प्रकार आहे.

आता सर्वांत नाजूक मुद्द्याकडे वळू. पूर्वीपासूनचे आजार हे प्रवासविम्यातील बहुतेक तंट्यांचे मूळ असते. मधुमेह, रक्तदाब, हृदयाचा विकार हे साठीनंतर घरोघरी असतात आणि बहुतेक पॉलिसी त्यांचे उपचार वगळतात किंवा जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरते आणि मर्यादित रकमेपर्यंतच देतात. हप्ता वाढेल या भीतीने आजार लपविण्याचा सल्ला काही दलाल बिनदिक्कत देतात. त्यांचा धंदा पॉलिसी विकली की संपतो. भोगावे प्रवाशाला लागते.

याबाबतीत सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल प्रत्येकाने ध्यानी ठेवावा असा आहे. २००९ साली एक गृहस्थ नात्यातील विवाहासाठी अमेरिकेला निघाले. त्यांनी परदेशप्रवासाचा वैद्यकीय विमा घेतला. आपल्याला मधुमेह असल्याचे त्यांनी सांगितले होते; वैद्यकीय तपासणी झाली होती आणि त्यानंतरच कंपनीने पॉलिसी दिली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरताच त्यांना अस्वस्थ वाटू लागले. त्यांना रुग्णालयात हलवावे लागले आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांत तीन स्टेंट घालावे लागले. कंपनीने दावा फेटाळला. कारण काय, तर आजार पूर्वीपासूनचा होता आणि रक्तातील चरबीसाठी घेत असलेल्या गोळ्यांची माहिती दिली नव्हती. राष्ट्रीय ग्राहक आयोगानेही २०१५ मध्ये कंपनीचीच बाजू उचलून धरली. अखेर ६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या गृहस्थांना न्याय दिला. प्रकृतीची माहिती घेऊन, तिचे मूल्यमापन करून एकदा पॉलिसी दिल्यानंतर त्याच सांगितलेल्या आजाराकडे बोट दाखवून कंपनीला हात झटकता येणार नाहीत, असे न्यायालयाने बजावले. विम्याच्या करारातील संपूर्ण सचोटीचे बंधन दोन्ही पक्षांवर आहे, हेही त्यातून स्पष्ट झाले.

हा निकाल प्रवाशाच्या बाजूचा आहे. पण त्याचा अर्थ नीट घेतला पाहिजे. ते गृहस्थ जिंकले, कारण त्यांनी मधुमेह दडविलेला नव्हता. दडविला असता तर न्यायालयाला त्यांच्यासाठी काही करता आले नसते. आणि खरे बोलूनही त्यांना बारा वर्षे झगडावे लागले, ही या कथेची दुसरी बाजू आहे. सामान्य माणसापाशी एवढा दम आणि एवढा पैसा कोठून असणार? तेव्हा आपला प्रत्येक आजार, प्रत्येक गोळी, झालेली प्रत्येक शस्त्रक्रिया प्रस्तावात लेखी द्यावी आणि त्या प्रस्तावाची प्रत स्वतःपाशी ठेवावी. दलालाला तोंडी सांगितलेली गोष्ट पुराव्याच्या वेळी हवेत विरून जाते.

विमा निवडताना आणखी काही पथ्ये पाळली पाहिजेत. पहिला प्रश्न हप्त्याचा विचारू नये, वगळलेल्या बाबींचा विचारावा. एकूण विमा रक्कम मोठी दिसली तरी साठीपुढील प्रवाशांसाठी खोलीभाडे, अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रिया यांवर स्वतंत्र मर्यादा घातलेल्या असतात, त्या पाहाव्यात. प्रत्येक दाव्यात ठरावीक वजावट प्रवाशाने सोसावयाची असते, ती किती हे विचारावे. मद्यपान केलेल्या अवस्थेतील अपघात आणि साहसी खेळांतील इजा बहुधा वगळलेल्या असतात. सहल रद्द केल्याची भरपाई पॉलिसीत नमूद कारणांसाठीच मिळते. मन बदलले म्हणून मिळत नाही. विमा घर सोडल्यापासून परतेपर्यंतच्या दिवसांचा असावा आणि मुक्काम लांबण्याची शक्यता असल्यास मुदत कशी वाढते, हे आधीच समजून घ्यावे. आजारपण आल्यास कंपनीच्या साहाय्य क्रमांकावर प्रथम कळवावे. तो क्रमांक मुलाच्या आणि सहप्रवाशाच्या हाती असावा. बॅग आली नाही तर विमानतळ सोडण्यापूर्वी विमान कंपनीकडून लेखी नोंद घ्यावी आणि चोरी झाल्यास पोलिसांचा दाखला मिळवावा. कागद नसेल तर दावा नाही, हा या धंद्याचा नियम आहे.

परंतु सारा भार प्रवाशावर टाकून मोकळे होणे आम्हाला मान्य नाही. विकत घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत हे खरे. पण समोर धरलेला कागद त्याला वाचता तरी आला पाहिजे. विमाविषयक कागदपत्रे परिस्थितीनुसार घटनामान्य भाषांत उपलब्ध करून देता येतील, असे विमा नियामक प्राधिकरणाच्या २००२ च्या नियमावलीत म्हटले होते. 'देता येतील' या दोन शब्दांची पळवाट कंपन्यांना पुरली. जाहिराती मराठीत येतात, दलालाचे गोड बोलणे मराठीत आणि कोकणीत येते, आणि वगळलेल्या बाबींची यादी मात्र वकिलालाही घाम फोडील अशा इंग्रजीत येते. जेथे विकावयाचे तेथे लोकांची भाषा आणि जेथे बांधून घ्यावयाचे तेथे परकी भाषा, हा भेद आता संपला पाहिजे. 'देता येतील' च्या जागी 'दिलीच पाहिजेत' असे शब्द यावेत. निदान वगळलेल्या बाबी आणि खर्चाच्या मर्यादा एका पानावर, मोठ्या अक्षरांत, ग्राहकाच्या भाषेत देणे सक्तीचे करावे.

तिकिटाबरोबर न विचारता विमा गळ्यात मारण्याचा प्रकार थांबविण्यासाठी प्राधिकरणाने २०१९ मध्ये आधीच खूण करून ठेवलेल्या चौकोनांना मनाई केली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण यंत्रणेनेही न मागितलेली वस्तू बिलात घुसडण्याला अनुचित प्रथा ठरविले. नियम चांगले आहेत. अंमलबजावणी ग्राहकाच्या तक्रारीशिवाय होत नाही, आणि तक्रार करण्याचा आपल्याला कंटाळा. दावा अन्यायाने फेटाळला गेल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. गोव्यातील ग्राहकांसाठी हे कार्यालय गोव्याबाहेर आहे आणि बेळगावकडील ग्राहकांसाठी बंगळूरला. लोकपालाची बैठक वर्षातून काही वेळा तरी पणजीत आणि बेळगावात व्हावी, ही मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी लावून धरली पाहिजे.

शेवटी एक गोष्ट आपल्या घरची. गोवा केवळ प्रवासी पाठविणारा प्रदेश नाही, तो प्रवाशांना बोलावणाराही आहे. २५ डिसेंबर २०२४ रोजी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून एकाचा बळी गेला. होडी, पॅराग्लायडिंग, भाड्याची दुचाकी यांचे परवाने देताना व्यावसायिकाचा विमा चालू आहे की नाही, हे सरकारने दर हंगामात तपासावे आणि त्याची पाटी दर्शनी लावण्यास भाग पाडावे. काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची भाड्याची दुचाकी सोडून खासगी दुचाकी स्वस्तात देणारे आपल्याच गावचे असतात. त्या वाहनाला अपघात झाला की विम्याचा दावा अडचणीत येतो आणि परमुलखातील पोरगा रुग्णालयाच्या दारात एकटा उभा राहतो. आपली मुले आणि आपले आई-वडील परदेशात सुखरूप राहावेत अशी इच्छा धरणाऱ्या गोव्याने आपल्या दारी आलेल्या पाहुण्याला तेवढीच शाश्वती दिली पाहिजे. पर्यटन खात्याने येत्या हंगामापूर्वी ही तपासणी पुरी करावी आणि तिचा निष्कर्ष जनतेपुढे ठेवावा.